उसातलं सोयाबीन हमीभावाला घालता येतं का?

प्रश्न (हातकणंगले तालुका)
एक एकर उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण आहे. सरीच्या बगलेला सोयाबीन टोकणलंय. काल ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद) केली, त्यात नुसता ऊस लावला गेलाय. सातबारावर सोयाबीन आलं नाही तर हमीभावाला नोंदणी होईल का? आणि ओलाव्यावरून माल परत पाठवतात म्हणे, तेही सांगा.

उत्तर 1
नुसत्या उसावर होणार नाही. खरेदी केंद्रावर सोयाबीनची नोंद असलेला चालू हंगामाचा सातबारा लागतोच. तुमची पाहणी कालचीच आहे, तर आजच दुरुस्त करा. ॲपमध्ये स्वतः केलेली नोंद 48 तासांच्या आत बदलता येते. ती वेळ गेली तर तलाठ्याकडं चकरा सुरू.

'निर्भेळ पीक' नको, 'मिश्र पीक' निवडा. मुख्य पीक ऊस, दुय्यम सोयाबीन. क्षेत्र दोघांत वाटून द्या. इथंच बहुतेक चुकतात: ॲप हेक्टर-आर मागतं आणि आपण गुंठे टाकतो. एक एकर म्हणजे 0.40 हेक्टर. सोयाबीनला 0.02 हेक्टर लावलं तर तेवढ्याच क्षेत्राचा माल घेतील, कारण हेक्टरी किती क्विंटल घ्यायचं ते जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरलेलं असतं. फोटो सरीत उभं राहून काढा, सोयाबीनची पानं स्पष्ट दिसू देत. बांधावरून काढला की नुसता ऊसच दिसतो.

उत्तर 2
ओलाव्याचं बोलतो. मर्यादा 12 टक्के. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारनं 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण तशी सूट दरवर्षी मिळेल असं धरून चालू नका.

आता हिशेब. 16 टक्के ओलाव्याचं 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर आणलं की उरतं साधारण 95.5 किलो. खरीप 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे त्या ओल्या क्विंटलचे हाती येतात 5,086 च्या आसपास. त्यातून वाहतूक, हमाली आणि पैसे यायला लागणारे दिवस वजा करा. व्यापारी ओल्या मालाला त्याहून जास्त देत असेल तर खुशाल तिथं घाला. कमी देत असेल तर वाळवा. हा हिशेब न करता खळ्यावरूनच माल देऊन टाकतात, त्याचंच वाईट वाटतं.

वाळवताना ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर, दुपारी दोनदा पाय फिरवायचा, सांजेला झाकायचं. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. गरम दाणा लगेच ओलावा मोजायच्या मीटरवर घेऊ नका, रीडिंग चुकतं. रात्रभर निवू द्या आणि मग मोजा. माती-काडी 2 टक्क्यांच्या वर गेली तरी अडवतात, तेव्हा चाळणी घरीच मारून जा.

उत्तर 3
कागदांचं राहिलं. आधार, सातबारा, पासबुक. सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा. सातबारा सामाईक असेल तर नोंदणी ज्याच्या नावावर, माल घेऊन त्यानंच जायचं.

पैसे जमा व्हायला बँक खातं देताना विकास सेवा संस्थेच्या (गावच्या सोसायटीच्या) कर्जाचं देऊ नका, बचत खातं द्या. आधार त्या खात्याला थेट लाभासाठी जोडलंय का हे बँकेत विचारा. नुसतं केवायसी झालं म्हणजे ते जोडलं गेलं असं नसतं, पैसे तिथंच अडकतात.

माल आणायचा मेसेज आल्याशिवाय गाडी भरू नका. आदल्या दिवशी केंद्रावर फोन करून बारदान (पोती) आहे का तेवढं विचारा.

प्रश्नकर्ता
दुरुस्ती केली. सोयाबीनला 0.15 लावलं, फोटोही सरीतून पुन्हा काढला.

उत्तर 1
आता गावाच्या पीक पाहणी यादीत नाव आणि पीक दोन्ही दिसतंय का ते बघा, आणि स्क्रीनशॉट ठेवून द्या.