मदत हवी आहे: पद्मिनी – चावी सोडली की इंजिन बंद पडतं

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, पेट्रोल. वडिलांनी घेतलेली, परळला माझ्याकडे असते. इग्निशन स्विचपाशी अडलोय. जुन्या गाड्यांच्या वायरिंगवर ज्यांचा हात बसलाय त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

स्टार्टर मारला की इंजिन लगेच पकडतं. चावी धरून ठेवली तोवर चालतं. सोडली आणि ती मागे ‘ऑन’वर आली की गचका देऊन बंद. चार्जिंगचा लाल दिवा ‘ऑन’वर लागतो, पण मंद. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे अधूनमधून व्हायचं, आता दर वेळी होतं.

बॅटरीच्या प्लसवरून, मध्ये फ्यूज घालून, एक वायर थेट कॉइलच्या प्लसला दिली. इंजिन मस्त चालू राहिलं, त्यामुळे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर या ठिणगी पाडणाऱ्या भागांवर संशय नाही. या लक्षणाला बरेच जण बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या वायरीतला रोध, जो स्टार्ट करताना वगळला जातो) जळाला म्हणतील, पण माझी कॉइल बिनबॅलास्टची आहे, तिच्या प्रायमरी वेटोळ्याचा रोध तीन ओहमच्या आसपास.

मग स्विच मोजला. पॉइंट उघडे असले तर कॉइलमधून करंटच जात नाही आणि खराब स्विचसुद्धा मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून पॉइंट मिटलेले ठेवून मोजलं, तेही झटपट, कॉइल तापू नये म्हणून. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, स्विचच्या ३० नंबरवर (बॅटरीकडून येणारी वायर) १२.३ आणि १५/५४वर (कॉइलकडे जाणारी) जेमतेम ५. सात व्होल्ट स्विचच्या पोटातच जातायत. स्टार्टच्या स्थितीत मात्र त्याच १५/५४वर जवळपास बॅटरीइतकेच व्होल्ट येतात. आतल्या तांब्याच्या पट्टीची ‘ऑन’कडची बाजू जळली असावी, असा माझा अंदाज. टर्मिनलांवर हिरवा कळंक चढला होता (दमट खारी हवा, दुसरं काय होणार), तो पॉलिश पेपरने साफ केला, फरक शून्य. स्विच रिव्हेटबंद आहे, उघडला तर पुन्हा बसेल याची खात्री नाही.

आता खरी अडचण. ही गाडी बनली कुर्ल्यात, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचा मूळ स्विच मिळाला नाही, चोरबाजारातही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून असे भाग ठेवणारे दुकानदारही कमी झाले. एकाने ‘चालून जाईल’ म्हणून दिलेला स्विच भोकात नीट बसतो, पण त्यावर एकही नंबर नाही. चार पाती आहेत. मीटरच्या बीपवर असं निघालं: ऑफला कुणीच कुणाला जोडलेलं नाही. ऑनला पहिली, दुसरी, तिसरी एकत्र. स्टार्टला पहिली, दुसरी, चौथी एकत्र, तिसरी सुटते. म्हणजे पहिली ३०, दुसरी १५/५४, चौथी ५० (स्टार्टरची) हे पक्कं धरतोय.

तिसरीचं काय करू? जुन्या स्विचवर एक पात अशी आहे की तिच्यातून चावी काढल्यावरही पार्किंग लाइटला करंट मिळतो. नव्यात ती सोय नाही. पार्किंग लाइटची वायर तिसरीवर घेतली तर चावी काढल्यावर पार्किंग लाइट लागणार नाहीत. थेट ३०वर घेतली तर लाइट कायम चालू राहू शकतात, पण त्याचा स्विच डॅशवर आहेच. मी ३०वर, मध्ये फ्यूज देऊन, घेण्याच्या विचारात आहे. यात धोका दिसतो का?

दुसरं, नवा स्विच हलका वाटतो. कॉइलचा आणि बाकीचा भार रिलेवर (थोड्या करंटने मोठा भार जोडणारा वेगळा स्विच) टाकावा का? रिलेच्या ८५-८६ टर्मिनलांना स्विच, ३०-८७मधून भार, एवढं मला जमेल. पण चार्जिंगच्या दिव्यातून उलटा करंट येऊन रिले धरून राहतो आणि चावी काढूनही इंजिन बंद होत नाही, असं काही गाड्यांत होतं. त्यासाठी दिव्याच्या वायरीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकतात. पद्मिनीवर कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? डायोड कोणत्या बाजूला तोंड करून लावला?

माझ्या गाडीत इग्निशनच्या मुख्य वायरीला फ्यूज नाही आणि जुन्या वायरींचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतंय. त्यामुळे अंदाजाने काही जोडायचं नाही, असं ठरवलंय. बॅटरीचं मायनस काढून ठेवलं आहे. मूळ स्विच दुरुस्त करून देणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन दादर-लालबाग-भायखळा पट्ट्यात कुणाला माहीत असेल तर तेही सांगा, माझी पहिली पसंती त्यालाच आहे. स्विचच्या मागच्या बाजूचे फोटो हवे असतील तर टाकतो.