ओपन फिल्टरआधी गार हवेचं बघा

जुन्या फियाट पॅलिओ १.६ गाडीची ताकद वाढवायला जास्त लिफ्टचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा), ओपन म्हणजे डब्याशिवायचा एअर फिल्टर आणि धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला की काम झालं, असं इथं एका दादांनी लिहिलंय. कॅमचं पटतं. पण फिल्टर बॉनेटखाली तसाच उघडा सोडू नका, निदान आपल्या मराठवाड्यात तरी नको. मे महिन्यात बाहेरच ४३ अंश असतं, गर्दीत अडकलं की बॉनेटखाली ७० होतं. हवा साधारण ३ अंशांनी तापली की १ टक्का विरळ होते. म्हणजे पैसे मोजून ताकद वाढवायची आणि इंजिनच्या एकूण ताकदीतली जवळपास ८ टक्के तिथंच घालवायची.

मी तर हेड (इंजिनचा वरचा भाग) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही वाढवला होता. जालन्याहून संभाजीनगरला येताना बदनापूरच्या पुढं चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा; जास्त दाब आणि गरम हवेमुळं पेट्रोल आपोआप भडकायचं, यालाच नॉकिंग म्हणतात. घरी येऊन प्लग काढले, तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके, काही चंदेरी. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम! पोटात गोळाच आला. मग ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं, एक पायरी जास्त थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे प्लग बसवले आणि फिल्टरभोवती पत्र्याची पेटी करून हवा बंपरच्या जाळीतून ओढली. पेटीला खर्च सगळ्यात कमी आला, पण उन्हाळ्यात गाडी खरी मोकळी झाली ती तिच्यामुळंच. रेडिएटर मात्र कॅमच्या आधी आतून साफ करून घ्या, दादा.