चार नगरसेवक निवडून दिले, मग तुंबलेलं चेंबर कुणाचं?

शिकवणीच्या बाई

शहराचं नाव लिहीत नाही, उद्या कुणी दारात येऊन जाब विचारायला नको. जानेवारीत राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, त्यातलीच आमची एक.

आमची गल्ली उताराची. मुख्य रस्त्याला मिळते त्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे आणि ते वरचेवर तुंबतं. तुंबलं की मैलापाणी झाकणाच्या कडेने वर येतं आणि रस्ताभर पसरतं. मी घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. पोरं टाकलेल्या विटांवरून तोल सांभाळत येतात, एखाद्याचा पाय घसरतोच, मग आधी त्याचे पाय धुवायचे आणि नंतर अपूर्णांक. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात जाणं हा त्यांचा दिवसातला एकमेव बाहेरचा वेळ, तो बंद झालाय. समोरच्या वाण्याने दुकानाच्या उंबऱ्यापुढे सिमेंटचा बांध घातलाय.

मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासकाचा कारभार होता, तक्रार कुठे गेली ते कळायचंच नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, निवडणूक होऊ द्या, आपलं हक्काचं माणूस बसू द्या. मतदानाला गल्लीतल्या बायकांना मी घेऊन गेले. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं द्यायची, अ, ब, क, ड, प्रत्येक गटाच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, चारही झाल्याशिवाय यंत्राचा लांब आवाज येत नाही, हे रांगेत लागायच्या आधी एकेकीला नीट समजावलं.

आता त्या चौघांची उत्तरं ऐका.

'अ' जागेवर बाई निवडून आल्यात, पण फोन त्यांचे यजमान उचलतात. बाईंशी बोलायचंय म्हटलं तर, "मीच बघतो सगळं, सांगा." सांगितलं. म्हणाले, आम्ही चौघांनी प्रभाग वाटून घेतलाय, तुमची गल्ली 'क'कडे येते. 'क'च्या संपर्क कार्यालयातला मुलगा वहीत लिहून घेतो, आणि परत गेलं की म्हणतो ड्रेनेज 'ब' बघतात, आमच्याकडे रस्ते आणि दिवे. 'ब'चं उत्तर, निधी पडू द्या. 'ड' दुसऱ्या पक्षाचे, एकटेच निवडून आलेले. ते स्वतः येऊन चेंबर बघून गेले, हे मी मान्य करते. पण जाताना म्हणाले, "ताई, मी विरोधात, अधिकारी माझं ऐकत नाहीत."

आणि 'अ'च्या यजमानांनी फोन ठेवता ठेवता जे ऐकवलं ते मनातून जात नाही. "तुमच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर आम्हाला किती मतं पडली, तो आकडा आहे आमच्याकडे."

मला कायद्याची माहिती असणाऱ्यांना विचारायचंय. चार निवडून दिले तर गल्लीची जबाबदारी नेमकी कुणाची? ही वाटणी कुठे लिहिलेली असते का? आणि दुसरं, शेजारी म्हणतायत वर्गणी काढू आणि एक माणूस बोलावू, तो आत उतरून साफ करून देतो. तसं करावं का?

---

निवृत्त कनिष्ठ अभियंता

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. कुणालाही चेंबरात उतरवू नका, तो स्वतः तयार असला तरी नाही. आतला वायू दिसत नाही, वास आला तरी माणसाला अंदाज येत नाही, आणि पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि तो खाजगी माणसांनाही लागू आहे. मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. पण भरपाईचं सोडा, त्या माणसालाही घर असतं. मी नोकरीत असताना असा एक प्रसंग पाहिलाय, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

आता तुमचं चेंबर. वरचेवर तुंबणं दोन प्रकारचं असतं. एक, कचरा, प्लॅस्टिक, हॉटेलचं तेल अडकणं. जेटिंगची गाडी येऊन दाबाने पाणी मारते आणि पुढे बरेच दिवस बघावं लागत नाही. दुसरं, लाइनच खचलेली असते किंवा वस्ती वाढल्यामुळे पाइप लहान पडतो. तिथे गाडी येऊन गेली की चार दिवस बरं आणि पुन्हा तेच. निदान अडथळा कुठे आहे हे तुम्ही वरून बघून ओळखू शकता. सफाईचे कर्मचारी येतील तेव्हा त्यांना तुमच्या चेंबरच्या पुढचं, म्हणजे उताराकडचं झाकण उघडून बघायला सांगा. स्वतः उघडू नका. तुमचं भरलेलं आणि पुढचं जवळजवळ कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे. दोन्ही भरलेली असतील तर दोष आणखी पुढे. फोटो काढून ठेवा.

हे का सांगतोय? कारण सफाई हे रोजचं काम आहे, त्याला नगरसेवकाची चिठ्ठी लागत नाही. क्षेत्रीय कार्यालयाच्या ड्रेनेज विभागात लेखी अर्ज द्या. लाइन बदलायची असेल तर मात्र एस्टिमेट म्हणजे अंदाजपत्रक, तरतूद, निविदा हे सगळं आलं, आणि तिथे नगरसेवकाचा जोर खरोखर लागतो. लोक सफाईसाठी नगरसेवकाकडे जातात आणि लाइनसाठी अभियंत्याकडे येतात. आमच्या हातात लाइनसाठी काहीच नसायचं.

आणि वाटणीबद्दल. ती कुठेही लिहिलेली नसते. चौघांनाही अख्ख्या प्रभागाने मतं दिलीत, म्हणून चौघंही अख्ख्या प्रभागाचे. वाटून घेणं ही त्यांची आपसातली सोय आहे.

---

हद्दवाढीतला

ताई, तुमचा राग मला पूर्ण समजतो. आमचं गाव काही वर्षांपूर्वी शहराच्या हद्दीत गेलं. गाव लहान होतं, भांडणं होती, ग्रामपंचायतीत सगळं चांगलं चालायचं असं मी म्हणणार नाही. पण ग्रामसभा होती. सरपंच समोर बसायचा आणि माझी आई उठून विचारायची, टाकीचं पाणी आमच्या आळीला का नाही? सरपंच उत्तर द्यायचा, कधी खोटं द्यायचा, पण दोनशे लोकांसमोर द्यायचा. पुढच्या सभेला आई तेच वाक्य त्याला परत ऐकवायची.

शहरात आल्यावर घरपट्टी वाढली आणि ती सभा गेली. आता आईला विचारायला जागाच नाही. शहरांसाठीही कायद्यात क्षेत्रसभा आहे, २००९ साली महाराष्ट्राने ती महापालिकांच्या कायद्यात घातली. मतदान केंद्रांच्या गटाप्रमाणे नागरिकांची सभा आणि अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवक. मी आमच्याकडे एकही झालेली पाहिली नाही. माझ्या मते भांडायचं असेल तर यासाठी भांडावं. चौघांनी एकत्र समोर बसायचं, म्हणजे 'तो बघतो' हे चौघांच्या देखत म्हणून दाखवावं लागेल.

---

माजी सदस्य

मी २०१२ ते २०१७ नगरसेवक होतो, तेव्हा दोनाचा प्रभाग होता. दुसरी बाजूही मांडतो, ती कुणी सांगत नाही.

एका जागेच्या वॉर्डात पाच वर्षांनी आरक्षणाची सोडत निघते आणि वॉर्ड महिला किंवा अन्य प्रवर्गासाठी राखीव होतो. काम केलेला माणूस बाहेर पडतो. पुढच्या वेळी हा वॉर्ड आपला नसणारच हे माहीत असलं की बरेच जण तिसऱ्या वर्षापासून लक्ष काढून घेतात. चारच्या प्रभागात अर्ध्या जागा महिलांच्या, एखादी इतर मागासवर्गाची किंवा अनुसूचित जातीची, शिवाय बहुतेक वेळा एखादी खुली. सगळ्यांना एकाच ठिकाणी प्रतिनिधी मिळतो. माझ्यासोबत निवडून आलेल्या ताई एकट्या वॉर्डात कधीच उभ्या राहिल्या नसत्या. त्यांनी पुढे माझ्यापेक्षा चांगलं काम केलं.

पण पक्ष हे या कारणासाठी करत नाहीत, हेही खरं. चारचं पॅनेल असलं की एका तगड्या उमेदवाराच्या मागे तीन अनोळखी निघून जातात. एकटा अपक्ष एवढ्या मोठ्या प्रभागात पोहोचूच शकत नाही. म्हणून सोयीप्रमाणे आकडा बदलत राहतो. २००२ला तीन, २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार. पुढे २०१९ला एकचा निर्णय, २०२१ला तीनचा, २०२२ला पुन्हा चारचा. मुंबईत मात्र एकाच सदस्याचा वॉर्ड कायम. तिथल्या माणसाला आपला नगरसेवक कोण हे एका नावात सांगता येतं आणि उरलेल्या शहरांना नाही, याचं पटेल असं कारण मला अजून मिळालेलं नाही.

केंद्रनिहाय मतांचं बोलणं वाईट आहे, पण ते सर्रास चालतं. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा मोजला जातो, प्रतिनिधी तो लिहून घेतो, आणि रात्री कार्यालयात नकाशावर रंग भरले जातात. मीही ते नकाशे पाहिलेत. कागदी मतपत्रिका असताना मोजणीआधी त्या एकत्र मिसळता यायच्या. लोकसभा-विधानसभेसाठी अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर आणावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली केंद्र सरकारकडे दिला, विधी आयोगाने २०१५च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. झालं नाही. महापालिकेच्या केंद्रावर जेमतेम काही शे मतदार असतात, तिथे तर गल्ली लगेच ओळखू येते.

---

शिकवणीच्या बाई

सगळ्यांचे आभार. वर्गणीचा विषय बंद केला. गल्लीतल्या दोघांना ते पटत नव्हतं, त्यांना अभियंता काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, मग कुणी बोललं नाही.

माजी सदस्यांना सांगायचंय. तुमच्यासोबतच्या ताईंबद्दल वाचून बरं वाटलं आणि आरक्षणाचा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. 'अ' जागा बाईंसाठी राखीव होती, त्यांच्या यजमानांसाठी नव्हती. त्या बाईंनी प्रचारात आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला होता. सासूबाईंनी त्यांची ओटी भरली होती. गल्लीतल्या बायकांनी मत दिलं ते त्या बाईंना. त्यांना चेंबरचं कधी सांगितलं तरी गेलं का, हेसुद्धा मला कळायला मार्ग नाही. माझ्या शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या मुलीने मला विचारलं, बाई, नागरिकशास्त्रात लिहिलंय की नगरसेवक नागरिकांचे प्रश्न सोडवतात, मग आपलं का नाही? तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि केंद्राचा आकडा दाखवून घाबरवणं. समजा आमच्या गल्लीने एकही मत दिलं नसेल. तरी मैलापाणी त्याच रस्त्यावरून वाहतं ज्यावरून त्यांचा मतदारही चालतो. घरपट्टीत मलनिस्सारणाचा कर भरताना आम्हाला कुणी विचारत नाही की तुम्ही मत कुणाला दिलंत.

काकांनी सांगितलं तसं करून घेतलं. गाडी आली तेव्हा पुढचं झाकण उघडायला लावलं. आमचं काठोकाठ भरलेलं, पुढच्यात तळाला थोडंसं पाणी. मोकादम स्वतः म्हणाले, लाइन बसलीय. फोटो आहेत. आता अर्ज कसा लिहू? आणि तो चौघांना वेगवेगळा द्यायचा की एकच?

---

निवृत्त कनिष्ठ अभियंता

एकच पत्र लिहा, वर चौघांची नावं, आणि 'अ'च्या पुढे बाईंचंच नाव घाला. प्रत उपअभियंता, ड्रेनेज आणि क्षेत्रीय अधिकारी यांना. त्यामुळे प्रत्येकाला दिसतं की बाकीच्यांकडेही तेच गेलंय, आणि ढकलायला जागा उरत नाही. शक्य असेल तर पत्र बाईंच्या हातात द्या. सभागृहाच्या किंवा प्रभाग समितीच्या बैठकीला त्यांना स्वतः यावं लागतं, तिथे बाहेर थांबा.

मजकुरात रागाचं काही नको. 'चेंबर तुंबते' असं लिहाल तर पुन्हा गाडी पाठवतील आणि तक्रार निकाली काढतील. असं लिहा: 'अमुक ठिकाणच्या दोन चेंबरमधील मलवाहिनी खचली असून जेटिंग करूनही पुन्हा तुंबते. सदर वाहिनीची पाहणी करून ती बदलण्याचे अंदाजपत्रक तयार करावे.' 'अंदाजपत्रक' हा शब्द पाहिजेच. फोटो जोडा, खाली गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्या, वाण्याची नक्की घ्या.

आवक विभागातून शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, एक विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच की अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर कोणती कार्यवाही झाली, आणि त्या चेंबरवर वर्षभरात जेटिंगची गाडी किती वेळा गेली, लॉगबुकच्या प्रतीसह. एकाच जागी गाडी पुन्हा पुन्हा गेलेली कागदावर आली की लाइन बदलणं स्वस्त पडतं हे वरच्यांना सांगायला आमच्या खात्यातल्या माणसालाही आधार मिळतो.

पावसाच्या आधी निदान अंदाजपत्रक तरी तयार व्हायला हवं, म्हणून पत्र याच आठवड्यात द्या.

---

हद्दवाढीतला

ताई, त्याच पत्रात शेवटी एक ओळ टाका, क्षेत्रसभा बोलवावी म्हणून. आमच्याकडूनही मी या आठवड्यात तशीच मागणी करतोय. आईची सही पहिली.