प्रतिसाद: उंच फॉरवर्ड पहिल्याच क्रमांकावर?

‘उंच फॉरवर्ड (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) दिसला की पहिल्याच क्रमांकावर उचला’ हे चर्चेत मांडलेलं मत मला पटत नाही. एएफएल ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये क्लब क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सेंट किल्डा क्लबाने पहिला म्हणून उंच फॉरवर्ड पॅडी मकार्टिन घेतला. दुसऱ्या क्रमांकावरचा मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) पेट्राका मेलबर्नला मिळाला आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरला. अर्थात मकार्टिनला डोक्याच्या दुखापतींनी गाठलं, त्यात निवडकर्त्यांचा काय दोष?

उलट कार्लटन क्लब बघा, त्यांनी उंच फॉरवर्ड मागच्या क्रमांकांवर घेतले. २०१५ मध्ये हॅरी मकाय दहावा, चार्ली कर्नो बारावा. मकायला २०१६ मध्ये एकही सामना मिळाला नाही, कर्नोचं २०२० गुडघ्यापायी पूर्ण वाया गेलं. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारी कोलमन पदकं या दोघांकडे आली २०२१ (मकाय), २२ आणि २३ (कर्नो) मध्ये. अठराव्या वर्षी अंगात भरलेल्या बचावपटूशी झोंबायची ताकदच नसते हो! एवढा धीर नसलेल्या क्लबाने सरळ मिडफिल्डर घ्यावा.