मदत हवी आहे : बारा सिलिंडरच्या इंजिनाच्या प्रतिकृतीत क्रँकशाफ्टचे कोन जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मुलीच्या पदविकेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघे ठाण्यातल्या घरी बीएमडब्ल्यूच्या एम७० या व्ही-१२ इंजिनाची निम्म्या मापाची, हाताने फिरवण्याची प्रतिकृती करत आहोत. हे इंजिन १९८७ साली ७५०आयएल या लांबलचक गाडीसाठी आले. क्षमता ४,९८८ सीसी आणि ताकद ३०० अश्वशक्ती. मुलीला खरे तर टोयोटा सेंच्युरीचे इंजिन हवे होते, पण त्याला चार कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) आहेत आणि एम७०ला दोनच, म्हणून मी तिला वळवले.

सहा-सहा सिलिंडरची दोन इंजिने ६० अंशांच्या कोनात एकाच क्रँकशाफ्टवर (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणारा मुख्य दांडा) बसवावीत, अशी याची रचना आहे; शिवाय डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग), थ्रॉटल (हवेची झडप) आणि इंधनपंपसुद्धा दोन्ही बाजूंचे स्वतंत्र आहेत. प्रत्येक ठिणगीसाठी आम्ही एक दिवा लावतो आहोत. बारा दिवे दर ६० अंशांनी लागावेत आणि बटण दाबून एक बाजू बंद केली, तरी दुसरीचे सहा दिवे दर १२० अंशांनी बिनचूक लागत राहावेत, हेच परीक्षकांना दाखवायचे आहे.

घोडे अडले आहे ते क्रँकशाफ्टवर. त्याला सात मेन बेअरिंग (तो ज्यांत फिरतो ते आधार) आणि सहा क्रँकपिना (पिस्टनचे दांडे जोडायच्या, मध्यरेषेपासून बाजूला असलेल्या पिना). १-६, २-५ आणि ३-४ या जोड्या एका रेषेत, आणि जोडी-जोडीत १२० अंश. वागळे इस्टेटमधून पितळी वेब (पिना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि पोलादी पिना करून आणल्या आणि व्हाइसमध्ये एकेक सांधा दाबत गेलो. सहाव्या पिनेपर्यंत पोहोचेतो जवळपास ४ अंशांचा फरक साचला. पिस्टन अगदी वर असताना तो कळतही नाही, पण स्ट्रोकच्या मध्यावर, जिथे १ आणि ६ क्रमांकाचे पिस्टन एका उंचीवर हवेत, तिथे त्यांच्यात सव्वा मिलिमीटरचे अंतर दिसते, आणि सहावा दिवा चुकीच्या क्षणी लागतो.

सगळे सुटे करून पुन्हा दाबावे, की जोडण्याची पद्धतच बदलावी?

प्रतिसाद :

पद्धत बदला. एकेक सांधा दाबला की आधीची चूक पुढच्यात मिसळत जाणारच. मेन जर्नलसाठी (मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) तुकडे न वापरता एकच सरळ, अखंड पोलादी दांडा सर्व वेबमधून ओवा, क्रँकपिना घाला आणि डिव्हायडिंग हेडवर (काम ठरावीक अंशांत फिरवण्याचे साधन) प्रत्येक जोडीचा कोन त्या दांड्यावरूनच मोजा, शेजारच्या पिनेवरून नव्हे. मग प्रत्येक सांध्यात आडवे भोक पाडून बारीक टेपर (निमुळती) पिन ठोका. हे सगळे पक्के झाल्यावरच क्रँकपिनेसमोरचे दांड्याचे तुकडे करवतीने कापून काढा, आणि कापताना दोन वेबच्या मधे लाकडी ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर वेब आत झुकतील.