मदत हवी आहे - मुरगाव बंदरावरून अर्ध्या दिवसाची प्रायव्हेट टॅक्सी

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मुंबईहून क्रूझने येतोय, बोट सकाळी १० ला मुरगावला लागणार आणि ४ पर्यंत परत चढायचंय, म्हणजे हातात जेमतेम पाच तास. आम्ही पाच जण, त्यात सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास. बोटीवरची ग्रुप टूर नको, मागे एकदा घेतली होती, अर्धा वेळ लोक मोजण्यातच गेला!

सासूबाईंना मंगेशी आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरायचीये, लेकीला जुन्या गोव्याचं बॉम जेझस चर्च आणि पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीत फोटो, आणि नवऱ्याला फक्त फिश थाळी (त्याचं काय, मांडवी दिसली की भूक लागते). हे सगळं बसेल का हो? की पणजी सोडून द्यावी? झुआरीचा नवा पूल झाल्यापासून वेळ वाचतो म्हणतात, पण पणजीतल्या ट्रॅफिकची भीती वाटते, बोट काय आपल्यासाठी थांबत नाही.

टॅक्सी गेटबाहेर मिळते की आधीच ठरवलेली बरी? इनोव्हाचे अर्ध्या दिवसाचे साधारण किती घेतात? वास्कोकडच्या कोणी सांगितलं तर बरं होईल.