स्पर्धा जिंकून कुणी गायक होत नाही म्हणे!

बेसूर_बंड्या:
परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "गाण्याच्या स्पर्धा म्हणजे गायकांची कबर. अभिजीत सावंत बघा." लाइक्सचा पाऊस! राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय. २००५ मध्ये पहिलं 'इंडियन आयडॉल' जिंकल्यावर त्याच वर्षी पोराचा अल्बम आला, 'मोहब्बतें लुटाऊँगा' रिक्षा-रिक्षातून वाजत होतं. पुढे इंडिपॉपचाच, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप अल्बमांचाच बाजार उठला, सीडी कुणी विकत घेईना. त्याचं खापर स्पर्धेवर का? सुनिधी चौहान लहानपणी दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' जिंकली, श्रेया 'सा रे ग म'मधून 'देवदास'पर्यंत पोचली. त्यांची कुठे आहे कबर?

खर्जातला_सा:
सुनिधी-श्रेयाच्या वेळी प्रेक्षकांची एसएमएसवरची मतं होती का हो? गोम तिथेच आहे. त्याच २००५ मध्ये 'फेम गुरुकुल' या तसल्याच स्पर्धेने अरिजित सिंगला शेवटच्या फेरीआधीच घरी पाठवलं. जनता जनार्दन की जय!

मीनल_ठाणे:
एसएमएसबद्दल बोलू नका, आमच्या घरी त्यावरून महाभारत झालंय. बाबांचा बटणांचा मोबाइल, एकेका अक्षराला तीन-तीनदा दाबायचं. सोसायटीतली पोरं रांगेत बसून सावंतला मतं पाठवत होती. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला निघाले तर बॅलन्स साफ. साधा मेसेज नव्हता तो, दर चढा होता! पण मराठी मुलगा जिंकला म्हणून आईने शिरा केला.

खर्जातला_सा:
म्हणजे गाणं राहिलं बाजूला, आडनाव बघून मतं. फायनलला सावंतसमोर हरलेला अमित साना कसा गायचा, आठवतंय?

मीनल_ठाणे:
बाकीच्यांच्या गावात काय सूर मोजून मतं दिली का? आम्ही दिली की लगेच संकुचित! आणि गाणंही आवडलं होतं, तुम्हाला विचारून आवडायला हवं होतं का?

बेसूर_बंड्या:
अहो, विषय करिअरचा आहे, रिचार्जचा नाही.

खर्जातला_सा:
रिचार्जचाच आहे. मतं देणारा पब्लिक पुढच्या सीझनला नव्या पोराच्या मागे. जुन्याने काय करायचं, फिती कापायच्या? तयारी नसलेल्याला एका रात्रीत स्टार केलं की हेच होणार.

आरोहची_आई:
तुम्ही एसएमएसवर भांडा. माझा मुलगा एका चॅनेलच्या ऑडिशनला गेला होता. गाणं एक कडवंभर ऐकलं, मग विचारलं, "घरात काही प्रॉब्लेम? आजोबा आजारी वगैरे?" आजोबा खाली गाडी पार्क करत होते, ठणठणीत! सुरांबद्दल एक शब्द नाही. तेव्हापासून घरी हे कार्यक्रम बंद.

बेसूर_बंड्या:
वाईटच. पण मराठी 'लिटिल चॅम्प्स'ची २००९ ची फायनल घ्या. जिंकली कार्तिकी, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित कुठे हरवले? पाचही जण आज गातायत.

खर्जातला_सा:
बरं बाबा, पाच जण गातायत. हजारो रांगेत उभे राहिले, त्यातले पाच. पेढे वाटा. आणि हरलेलेही गातायत म्हणजे ट्रॉफीला अर्थ नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

बेसूर_बंड्या:
ट्रॉफीला नसेल, पण स्टेजला आहे ना! स्टेज न मिळता त्यांना ऐकलं कुणी असतं?

मीनल_ठाणे:
आणि तुमच्या त्या अरिजितला तेव्हा तुम्ही स्वतः मत दिलं होतं का? एक तरी?

खर्जातला_सा:
माझ्याकडे मोबाइल नव्हता.

मीनल_ठाणे:
वाटलंच.